नापास झालं खरं, पण कशामुळे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे वडील भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसांतले नव्हेत. मशिनवर तयार झालेले सुटे भाग तपासणारे. शाळेला सुट्टी असताना एकदा मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. त्यांच्या टेबलावर वीतभर लांबीचा एक पोलादी दांडा होता. त्याचं एक टोक लांब, दुसरं आखूड, आणि आखूड टोकाशी लाल रंगाचा पट्टा. वडील एकेक जॉब उचलत. त्याच्या भोकात लांब टोक घालत, ते सरकन आत जाई. मग दांडा उलटा करून आखूड टोक घालायला जात, ते अडे. ते अडलं की वडील समाधानाने जॉब बाजूला ठेवत. मी विचारलं, "बाबा, हे टोक आत जातच नाही, तर घालून कशाला बघता?" ते म्हणाले, "अगं, ते जात नाही, हेच तर बघायचं असतं."

कारखान्यात काम केलेल्या श्रोत्यांनी ओळखलंच असेल. हा ‘गो–नो-गो गेज’. समजा, भोक २० मिलिमीटरचं हवं आहे आणि फार तर ०.०२ मिलिमीटर जास्त झालेलं चालणार आहे. मग ढोबळमानाने लांब टोकाची जाडी २० आणि आखूड टोकाची २०.०२ मिलिमीटर. लांब टोक आत गेलं, म्हणजे भोक लहान नाही. आखूड टोक अडलं, म्हणजे भोक मोठंही नाही. एखाद्याने कंटाळा करून नुसतं लांब टोकच घालून पाहिलं, तर सैल भोकाचे सगळे जॉबही खुशाल पास होतील.

मी पुढे सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आले. गेली अनेक वर्षं प्रोग्राम लिहिते आणि तपासते. आज मी बोलणार आहे ते अशाच एका गेजबद्दल. फरक इतकाच, की हा गेज पोलादाचा नाही, अक्षरांचा आहे. आणि तो मोजतो ते प्रोग्रामने दिलेलं उत्तर.

प्रोग्राम म्हणजे काय, हे सांगताना मला नेहमी जुन्या काळचं मोठं ऑफिस आठवतं. शेकडो कारकून बसले आहेत. प्रत्येकाचं काम ठरलेलं. एक जण खाते क्रमांक पाहतो, दुसरा शिल्लक पाहतो, तिसरा सही जुळवतो. काम झालं की प्रत्येक जण आपलं उत्तर पुढच्याच्या हातात देतो. प्रोग्रॅमर या कारकुनांना ‘फंक्शन’ म्हणतात. या प्रत्येक कारकुनाचं उत्तर दोनपैकी एका प्रकारचं असतं. काम झालं, हा घ्या निकाल. किंवा काम झालं नाही, हे त्याचं कारण.

बँकेत चेक भरल्यावर नेमकं हेच होतं. चेक वटला तर खात्यात रक्कम जमा होते. वटला नाही तर चेक परत येतो आणि सोबत एक चिठ्ठी येते. तिच्यावर कारण असतं. ‘पुरेशी शिल्लक नाही’, ‘सही जुळत नाही’, ‘खाते बंद’. चेक न वटणं ही बातमी एकच, पण कारण बदललं की पुढचं सगळं बदलतं. सही जुळली नसेल तर माणूस हसून दुसरा चेक लिहून देतो. शिल्लकच नसेल, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली कोर्टाची पायरी चढायची वेळ येऊ शकते. म्हणजे ‘नाही’ हे अर्धंच उत्तर झालं. ‘नाही, कारण...’ हे पूर्ण उत्तर.

आता गंमत पाहा. कॉम्प्युटरच्या जगात हे ‘हो’ आणि ‘नाही’ सांगायची पद्धत बराच काळ एकसारखी नव्हती. युनिक्स प्रणालीत काम यशस्वी झालं की प्रोग्राम शून्य हा आकडा परत देतो. परीक्षेत शून्य म्हणजे नापास, इथे मात्र शून्य म्हणजे पास! त्यामागे विचार आहे. काम नीट होण्याचा प्रकार एकच, बिघडण्याचे प्रकार अनेक. म्हणून यशाला एक शून्य पुरतं, आणि १ पासून पुढचे आकडे अपयशाच्या वेगवेगळ्या कारणांसाठी मोकळे राहतात. पण त्याच जगातली दुसरी फंक्शन १ म्हणजे यश, ० म्हणजे अपयश असंही सांगतात. काही जण अपयशासाठी उणे १ वापरतात. एकाच ऑफिसात एका कारकुनाने मान हलवली की ‘हो’ आणि दुसऱ्याने हलवली की ‘नाही’, असं असेल तर घोटाळा व्हायचाच.

तसा तो झालाही. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवण्यासाठी ‘ओपनएसएसएल’ नावाचं सॉफ्टवेअर जगभर वापरतात. त्यात डिजिटल सही तपासणारं एक फंक्शन आहे. त्याची उत्तरं तीन. सही बरोबर असेल तर १. सही चुकीची असेल तर ०. आणि तपासतानाच काही गडबड झाली, उदाहरणार्थ सही इतकी वेडीवाकडी होती की वाचताच आली नाही, तर उणे १. हे उत्तर घेणाऱ्या काही जागी मात्र प्रश्न एवढाच विचारलेला होता, ‘उत्तर शून्य आहे का?’ शून्य असेल तर थांबा, नसेल तर पुढे चला. उणे १ म्हणजे काही शून्य नव्हे! त्यामुळे साधी खोटी सही अडायची, पण मुद्दाम मोडतोड केलेली सही काही प्रकारच्या किल्ल्यांच्या बाबतीत खरी म्हणून पुढे जाऊ शकत होती. जानेवारी २००९ मध्ये ही चूक जाहीर झाली आणि दुरुस्त केली गेली.

अशा अनुभवांतून प्रोग्रॅमर मंडळी एक गोष्ट शिकली. उत्तर नुसत्या आकड्यात देऊ नये, पाकिटात घालून द्यावं. पाकिटं दोन प्रकारची. एकावर छापलेलं ‘यश’, आत निकाल. दुसऱ्यावर छापलेलं ‘अपयश’, आत कारण. पाकीट हातात आलं की आधी वरचं नाव वाचा, मगच उघडा. ‘रस्ट’ या भाषेची पहिली पक्की आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. तिच्यात या पाकिटांना ‘ओके’ आणि ‘एर’ म्हणतात. ‘एर’ हे ‘एरर’चं लघुरूप. पाकीट न पाहताच कोणी टाकून दिलं, तर त्या भाषेचा भाषांतरकार प्रोग्राम लिहिणाऱ्याला तिथेच इशारा देतो. ‘हॅस्केल’ भाषेत याच कामासाठी ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ अशी नावं वापरतात. यशाचं पाकीट राइट, कारण इंग्रजीत राइट म्हणजे उजवा आणि राइट म्हणजे बरोबरही. आपल्याकडेही एखादी गोष्ट सरस असली की आपण ती ‘उजवी’ म्हणतो, तेव्हा आपल्याला हे लक्षात ठेवायला सोपं आहे.

पाकिटं आली, छान झालं. पण कारकून योग्य पाकीट देतो आहे की नाही, हे पाहायचं कोणी? माणसाने दर वेळी बसून तपासायचं म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून प्रोग्राम तपासायला दुसरे छोटे प्रोग्राम लिहितात. त्यांना ‘टेस्ट’ किंवा चाचणी म्हणतात. १९९७ साली केंट बेक आणि एरिक गामा हे दोघे झुरिकहून अटलांटाला विमानाने चालले होते. त्या प्रवासात दोघांनी मिळून जावा भाषेसाठी चाचण्या लिहिण्याचं एक साधन लिहिलं, त्याचं नाव ‘जेयुनिट’. पुढे ते अतोनात लोकप्रिय झालं. त्यातल्या चाचण्या चालवल्या की पडद्यावर पट्टी उमटायची. सगळं ठीक असेल तर हिरवी, एक जरी चाचणी फसली तरी लाल. हिरवी पट्टी दिसली की प्रोग्रॅमर सुखाने घरी जायचा.

पण हिरव्या पट्टीवर किती विसंबायचं? इथे वडिलांच्या गेजचं आखूड टोक पुन्हा आठवा.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या आयफोनसाठी घाईने एक दुरुस्ती काढली आणि चार दिवसांनी मॅक कॉम्प्युटरसाठीही काढली. चूक होती एका ओळीची. आपण बँकेची वेबसाइट उघडतो, तेव्हा समोरचा कॉम्प्युटर खरोखर बँकेचाच आहे का, हे त्याच्या डिजिटल सहीवरून तपासलं जातं. हे तपासणाऱ्या फंक्शनमध्ये ओळीने पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर ‘काही बिघडलं असेल तर गोटू फेल’ असं लिहिलेलं. ‘गोटू’ म्हणजे तिकडे जा, आणि ‘फेल’ हे खालच्या एका जागेचं नाव. एका ठिकाणी ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली. पहिलीला ‘बिघडलं असेल तर’ ही अट होती, दुसरीला कुठलीच अट नव्हती. त्यामुळे काही बिघडलेलं नसतानाही प्रोग्राम दर वेळी तिथूनच खाली उडी मारायचा, आणि सही जुळवण्याची शेवटची पायरी गाठायचाच नाही. खाली जाऊन तो आतापर्यंतचं उत्तर परत द्यायचा. तोवर काहीच बिघडलेलं नसल्यामुळे ते उत्तर होतं शून्य. आणि शून्य म्हणजे, आपण मघाशी पाहिलं, यश! जागेचं नाव ‘फेल’, आणि तिथून बाहेर पडणारं उत्तर ‘पास’. एकाच वाय-फायवर बसलेल्या एखाद्या भामट्याला बँकेचं सोंग घेता येईल, अशी वाट मोकळी झाली होती.

ही चूक लगेच कशी दिसली नाही? कारण खऱ्या वेबसाइटच्या सह्या खऱ्याच असतात. खरी सही दिली की ‘यश’ हे उत्तर यायचं आणि ते बरोबरच होतं. लांब टोक सरकन आत जात होतं. मुद्दाम खोटी सही देऊन, ‘आता अपयशाचं पाकीट येतं का?’ हे विचारणारी एक चाचणी असती, तर ती त्याच दिवशी लाल झाली असती.

तेव्हा पहिला धडा सरळ आहे. यश तपासता तसं अपयशही तपासा. पण श्रोतेहो, माझ्या मते खरी मेख याच्या पुढे आहे, आणि ती मला स्वतःच्या चुकीतून कळली.

आम्ही एका पतसंस्थेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होतो. भाजीवाल्या, रिक्षावाले, छोटे दुकानदार असे तिचे सभासद. रोजच्या कमाईतले थोडे थोडे पैसे त्यांनी तिथे साठवलेले. मी एक चाचणी लिहिली होती. खात्यात ५०० रुपये आहेत, त्यातून ८०० काढायला गेलं, तर व्यवहार अपयशी ठरला पाहिजे. म्हणजे आखूड टोक मी विसरले नव्हते! चाचणी हिरवी झाली, मी पुढच्या कामाला लागले.

काही महिन्यांनी खाते क्रमांकाची पद्धत बदलली. आधी सात आकडी क्रमांक होता, त्याच्या पुढे शाखेचे तीन आकडे आले. जुन्या क्रमांकावर लिहिलेल्या यशाच्या चाचण्या लगेच लाल झाल्या. ‘खाते क्रमांक अवैध’ म्हणून व्यवहार अपयशी ठरू लागले, आणि आम्ही त्या चाचण्या एकेक करून दुरुस्त केल्या. माझी अपयशाची चाचणी मात्र हिरवीच राहिली. का? तिच्यातही जुनाच क्रमांक होता, त्यामुळे व्यवहार अपयशीच ठरत होता. तिला तर अपयशच हवं होतं! हिरव्या चाचणीकडे कोण कशाला पाहील? पुढे कधीतरी प्रोग्रामची मांडणी बदलताना शिल्लक पाहणारी ओळच गळून गेली. चाचणी तरीही हिरवी. कारण शिल्लक पाहण्याची वेळच येत नव्हती, त्याआधीच खाते क्रमांकावर सगळं अडत होतं.

सुदैवाने त्या संस्थेत एक निवृत्तीला आलेले अकाउंटंट काका होते. कॉम्प्युटर सुरू झाला तरी महिनाभर हाताने रोजकीर्द आणि खतावणी लिहायचीच, असा त्यांचा आग्रह. आम्हाला तेव्हा तो जरा जाचच वाटला होता. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "ताई, तुमच्या मशिनमध्ये एका बाईंच्या बचत खात्यावर उणे २६० शिल्लक दिसतेय. बचत खात्यावर उणे शिल्लक मी तरी आजवर पाहिली नाही." खात्यात होते १२४०, आणि काउंटरवरच्या मुलाने दुसऱ्याच कोणाची १५०० ची उचल चुकून त्या क्रमांकावर टाकली होती. कॉम्प्युटरने ती निमूटपणे मान्य केली. काकांची वही नसती, तर त्या बाईंची सगळी पुंजी कागदावर दुसऱ्याच्या नावे गेली असती, आणि वर त्यांच्याच नावावर २६० रुपये येणं दिसलं असतं. कष्टाने साठवलेल्या पैशाबद्दल त्यांनाच खुलासा करत बसावं लागलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

चूक शोधायला बसले तेव्हा ध्यानात आलं, की माझी चाचणी खोटं बोलली नव्हती. मी तिला विचारलंच होतं एवढं, ‘अपयश आलं का?’ ती म्हणाली, ‘आलं.’ कशामुळे आलं, हे मी विचारलं नव्हतं. परत आलेला चेक पाहिला, पण सोबतची चिठ्ठी वाचली नव्हती.

यावर उपाय काय? प्रत्येक चाचणीत सविस्तर प्रश्न विचारायचा. आधी पाकीट कुठलं ते पाहा, अपयशाचं असेल तर उघडा, आतलं कारण काढा, ते हव्या त्या कारणाशी जुळवा. चार पायऱ्या झाल्या. शेकडो चाचण्यांमध्ये या चार पायऱ्या लिहायच्या म्हटल्या की माणूस कंटाळतो, एखादी पायरी गाळतो, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कारखान्यात यावर तोड आहे. दर वेळी स्केल आणि मायक्रोमीटर घेऊन मोजत बसण्याऐवजी टूलरूमला सांगायचं, या जॉबसाठी खास गेज करून द्या. मग तो गेज कोणीही वापरावा.

प्रोग्रॅमरच्या टूलरूममधल्या या खास गेजचं नाव ‘मॅचर’, म्हणजे जुळवून पाहणारा. काही मॅचर तयार मिळतात. अशा मॅचरांचा ‘हॅमक्रेस्ट’ नावाचा एक प्रसिद्ध संच आहे. ‘मॅचर्स’ या शब्दाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की हेच नाव तयार होतं! २००७ साली तो जेयुनिटबरोबर मिळू लागला. ‘आकडा अमुकपेक्षा मोठा असावा’, ‘यादीत अमुक नाव असावं’ असली सर्वसाधारण मापं अशा संचात असतात. पण आपल्या यशापयशाच्या पाकिटांची मापं आपल्यालाच करून घ्यावी लागतात. कारण आपल्या धंद्यातली कारणं आपल्यालाच ठाऊक.

मी दोन मॅचर लिहिले. पहिल्याचं नाव ‘यशस्वी ठरावा, निकाल अमुक’. दुसऱ्याचं ‘अपयशी ठरावा, कारण अमुक’. एकेक मॅचर जेमतेम वीस-पंचवीस ओळींचा. त्याची कामं तीन. एक, समोर आलेलं पाकीट हवं तसं आहे का, हे ठरवणं. दोन, काय हवं होतं ते माणसाला कळेल अशा शब्दांत सांगणं. तीन, प्रत्यक्षात काय मिळालं तेही तसंच सांगणं. मग माझी चाचणी अशी वाचता येऊ लागली. ‘५०० रुपयांच्या खात्यातून ८०० काढण्याचा व्यवहार अपयशी ठरावा, कारण अपुरी शिल्लक.’ प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्या अकाउंटंट काकांनाही हे वाक्य वाचून दाखवता आलं, आणि त्यांनी ऐकता ऐकता दोन नवी कारणं सुचवली. खातेदार मयत असेल तर? कोर्टाच्या आदेशाने खातं गोठवलेलं असेल तर? ती दोन्ही कारणं आमच्या यादीत नव्हतीच.

तीन कामांतली मागची दोन वरवर दुय्यम वाटतात, पण माझ्या मते मॅचरचं निम्मं मोल त्यांत आहे. आधीच्या पद्धतीत चाचणी फसली की पडद्यावर काय यायचं? ‘अपेक्षित: सत्य. मिळालं: असत्य.’ बस्स! यातून काय बोध घ्यायचा? डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हणण्यासारखं हे. आता पडद्यावर येतं, ‘अपुरी शिल्लक या कारणाने अपयश अपेक्षित होतं, प्रत्यक्षात खाते क्रमांक अवैध या कारणाने अपयश आलं.’ हे वाचल्यावर दोष कुठे शोधायचा, हे वेगळं सांगावं लागत नाही. यशाच्या मॅचरचंही तसंच. यश हवं असताना अपयशाचं पाकीट आलं, तर त्याने नुसतं ‘यश मिळालं नाही’ म्हणून थांबू नये. आतली चिठ्ठी वाचून दाखवावी.

आता थोडं सावधगिरीबद्दल. असे गेज करताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिली जागा ‘नाही’ची. बहुतेक साधनांत कुठल्याही मॅचरच्या आधी ‘नाही’ लावता येतं. कोणाला वाटेल, अपयशासाठी वेगळा मॅचर कशाला? ‘यशस्वी, शिल्लक २०० असा नसावा’ असं लिहिलं की झालं! पण हे वाक्य नीट ऐका. व्यवहार अपयशी ठरला, तर ते खरं. व्यवहार यशस्वी होऊन शिल्लक ३०० उरली, तरी तेही खरंच! म्हणजे चाचणी दोन्हीकडे हिरवी. ‘तो पुण्याला गेला नाही’ म्हटल्याने तो घरीच आहे असं ठरत नाही, नाशिकलाही गेलेला असू शकतो. म्हणून अपयश हवं असेल तर ‘अपयशी ठरावा’ असंच ठाम विचारावं.

दुसरी जागा फाजील काटेकोरपणाची. माझ्या पहिल्या मॅचरमध्ये मी कारणाचा पूर्ण मजकूर अक्षरशः जुळवत होते. कोणीतरी ‘अपुरी शिल्लक’चं ‘शिल्लक अपुरी आहे’ केलं, आणि चाळीस चाचण्या एकदम लाल झाल्या. बिघडलं काहीच नव्हतं. असं दोन-चारदा झालं की ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्यासारखं होतं, लाल पट्टीकडे कोणी लक्षच देत नाही. गेजला सूट द्यायची ती याचसाठी. कारणाचा प्रकार जुळवावा, शब्दरचना नव्हे. बँकांनीही चेक परत करण्याच्या कारणांना ठरावीक क्रमांक दिले आहेत ते उगाच नव्हे.

तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची. गेज तपासणार कोण? वडिलांच्या कारखान्यात गेज ठरावीक मुदतीने कॅलिब्रेशनला जात. लांब टोक रोज शेकडो जॉबमध्ये घासून झिजतं. झिजलेल्या गेजने मोजलेलं सगळंच चूक. मॅचर झिजत नाही, पण तो मुळातच चुकलेला असू शकतो. सगळ्यालाच ‘ठीक’ म्हणणारा मॅचर लिहिणं फार सोपं आहे, आणि त्याची पट्टी कायम हिरवी असते! म्हणून मॅचर लिहिला की त्याच्यापुढे मुद्दाम चार पाकिटं ठेवावीत. बरोबर निकालाचं यश, चुकीच्या निकालाचं यश, हव्या कारणाचं अपयश, आणि भलत्याच कारणाचं अपयश. यशाच्या मॅचरने फक्त पहिलं स्वीकारावं आणि अपयशाच्या मॅचरने फक्त तिसरं. बाकी सगळी नाकारावीत, आणि नाकारताना नीट कारण सांगावं. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढची दहा वर्षं त्यावर निर्धास्त राहता येतं.

हे सगळं प्रोग्रॅमर मंडळींचं झालं. आपल्याला त्याचं काय, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. आज भाजीच्या गाड्यावरसुद्धा आपण मोबाइलने पैसे देतो. कधी पडद्यावर ‘व्यवहार अयशस्वी’ असं येतं. कधी ‘प्रलंबित’ येतं, म्हणजे धड यशही नाही आणि अपयशही नाही. ओपनएसएसएलमधल्या त्या तिसऱ्या उत्तराचाच हा भाऊ. अशा वेळी घाईने पुन्हा पैसे पाठवू नयेत. आधी कारण वाचावं, खात्यातून रक्कम गेली का ते पाहावं. पैसे खात्यातून गेले पण समोरच्याला पोचले नाहीत, तर ते किती दिवसांत परत यायला हवेत, याचे नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये घालून दिले, आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूदही केली. पण त्यासाठी व्यवहार नेमका कुठे आणि कशामुळे अडला, हे आधी यंत्रणेला सांगता आलं पाहिजे. ते तिला सांगता यावं म्हणून कोणीतरी, कुठेतरी बसून, ‘अपयशी ठरावा, कारण अमुक’ अशी चाचणी लिहिलेली असावी लागते.

पतसंस्थेतल्या त्या बाईंचं खातं दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झालं. काय घडलं होतं ते त्यांना बहुधा कळलंही नसेल. अकाउंटंट काकांनी मात्र हाताने खतावणी लिहिणं महिन्याचे दोन महिने केले, आणि या वेळी आमच्यापैकी कोणीही कुरकुर केली नाही. वडिलांना मी ही हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आखूड टोक अडलं होतं म्हणतेस, पण कशाला अडलं होतं ते वाकून पाहिलं नव्हतंस ना? कधी कधी भोकात नुसता कीस अडकलेला असतो."